पर्यावरणवाल्यांच्या भिंती आणि आमच्या बाया

आधी माझाच गुन्हा कबूल करतो. मग दुसऱ्यांकडं बोट दाखवतो.

२०२४ चा उन्हाळा. आदल्या ऑक्टोबरात सरकारनं राज्यातले ४० तालुके दुष्काळी म्हणून जाहीर केले होते. त्यात नाशिक जिल्ह्यातले ३ होते: मालेगाव, सिन्नर आणि आपलं येवला. तालुक्यात टँकर चालू होते. त्याच दिवसांत शहरातून एक पर्यावरणवाली संस्था आमच्या वस्तीवर आली. नाव सांगत नाही, कारण मुद्दा एका संस्थेचा नाही, आणि आलेली पोरं-पोरी वाईट नव्हती. उन्हातान्हात आली, आमच्यात बसून भाकरी खाल्ली, कुणाची जात विचारली नाही. (विचारली नाही यावरच मला पुढं बोलायचं आहे, पण ते नंतर.) त्यांना भिंती रंगवायच्या होत्या. विषय हवामान बदल आणि पाणी. 'स्त्री-पुरुष समानतेच्या दृष्टीतून' असंही त्यांच्या कागदावर छापलेलं. घोषवाक्य गावच्या भाषेत पाहिजे म्हणाले. कुणीतरी माझं नाव सांगितलं, हा कविता करतो म्हणून. मी फुगलो. अर्ध्या तासात वाक्य पाडलं:

'पाणी म्हणजे धरणीमायचा पान्हा, बाईनं ठरवलं तर वाचेल थेंब अन् थेंब.'

समाजमंदिराच्या मागच्या भिंतीवर ते निळ्या अक्षरांत चढलं. शेजारी चित्र. हिरवं लुगडं, नाकात नथ, डोक्यावर पदर, पदरावर दोन पितळी हंडे आणि ओठावर हसू. आमच्या वस्तीत पितळी हंडा शेवटचा कधी पाहिला ते मला आठवत नाही. होते ते मोडीत गेले. आता प्लास्टिकचे ड्रम आणि तेलाचे रिकामे कॅन. पण चित्र देखणं होतं. फोटो निघाले. मला प्रमाणपत्र मिळालं.

दुसऱ्या दिवशी आमच्या गल्लीतली एक आत्या दोन कॅन भरून येताना भिंतीपाशी दम खायला थांबली. तिला अक्षर येत नाही.

"वाच रे भाऊ, काय लिव्हलंय ते."

मी मोठ्या तोऱ्यात वाचून दाखवलं. तिनं परत एकदा वाचायला लावलं. मग म्हणाली, "बाईनं ठरवलं तर वाचेल. म्हंजी आत्तापोत सांडीत होते ती मीच का?"

मला उत्तर सुचेना. ती चित्राकडं बघत होती. "आन् ही कोन? ही आपल्यातली नाही. दोन भरले हंडे डोक्यावर घेऊन कोन हासतं?"

कॅन उचलून ती गेली. माझ्या आयुष्यात माझ्या लिहिण्याची एवढी नेमकी समीक्षा कुणी केलेली नाही. हा लेख तिच्या दोन प्रश्नांचा विस्तार आहे, माझं त्यात फार काही नाही.

आपण दलित साहित्यवाले. कथा-कवितेत बाई कशी आली, कुठल्या जातीची आली, तिच्या तोंडी कुणाची भाषा घातली, हे आपण प्रस्थापितांना पन्नास-साठ वर्षं विचारत आलो. पण घोषवाक्य, भिंतीवरचं चित्र, पथनाट्य, मोबाइलवर फिरणारी दीड मिनिटाची फिल्म, यांना आपण वाङ्मय धरत नाही. तो प्रचार, असं म्हणून सोडून देतो. माझं म्हणणं असं की आज खेड्यात सगळ्यांत जास्त डोळ्यांखालून जाणारं वाङ्मय हेच आहे. कादंबरी शंभर जण वाचतात, भिंत सगळं गाव वाचतं. तेव्हा तिला कादंबरीचेच प्रश्न विचारले पाहिजेत. बोलतंय कोण? कुणाशी? वाक्याचा कर्ता कोण?

पर्यावरणवाल्यांच्या प्रचारात बाया कमी आहेत अशी माझी तक्रार नाही. बाया भरपूर आहेत. भेगाळलेली जमीन, मागं सूर्य, पुढं हंडेवाली बाई, हे तर हवामान बदलाचं ठरलेलं चित्रच झालंय. तक्रार अशी आहे की बाई चित्रात येते, वाक्यात येत नाही. आणि वाक्यात आलीच तर माझ्या वाक्यात आली तशी येते, उपदेश ऐकायला. शिवाय चित्रातल्या बाईला जात नसते. नथ, हिरवं लुगडं, पितळी हंडा यांवरून तिची जात कळते ती वेगळीच, पण तिला 'ग्रामीण स्त्री' म्हणायचं असतं.

आता एकेक घेऊ.

पहिली गोष्ट, ही माय. वसुंधरा, धरणीमाता, निसर्गमाता, गोदामाई. राज्य सरकारनं २०२० मध्ये काढलेल्या अभियानाचं नावही 'माझी वसुंधरा'. माय म्हटलं की तिनं सोसायचं, द्यायचं आणि माफ करायचं. जमिनीला माय करता करता मायला जमीन करून टाकतात, म्हणजे कुणीही नांगरावी. आपल्याला हे नवं नाही. बाईची पूजा करा सांगणारा श्लोक आणि बाई स्वातंत्र्याला लायक नाही सांगणारा श्लोक हे दोन्ही मनूच्या एकाच ग्रंथात आहेत. २५ डिसेंबर १९२७ ला महाडला तो ग्रंथ जाळला तेव्हा दोन्ही श्लोक एकाच आगीत गेले. आणि त्यानंतर सत्त्याण्णव वर्षांनी मी, महाडचा वारसा सांगणारा, भिंतीवर पान्हा लिहितो! बाई दिसली की आपलीही लेखणी आपोआप देवळाकडं वळते, हे ध्यानात ठेवलं पाहिजे.

शिवाय जमिनीला माय म्हणणं कुणाला परवडतं? ज्याच्या नावावर सातबारा आहे त्याला. २०१५-१६ च्या कृषी गणनेत देशातल्या शेतजमीन वहिवाटणाऱ्यांत बायकांचं प्रमाण सुमारे १४ टक्के निघालं. त्यात दलित बाई किती, याचा अंदाज ज्यानं त्यानं आपापल्या गावात सातबारे बघून करावा. जिच्या नावावर गुंठा नाही ती बाई जमिनीला माय म्हणत नाही, कामाची जागा म्हणते. "आज कुणाच्यात हाये?" "अमक्याच्यात, कांदे लावायला." ही तिची जमिनीबद्दलची भाषा. ती एकाही पोस्टरवर मी वाचलेली नाही.

दुसरी गोष्ट, पंचसूत्री. महाराष्ट्रात पर्यावरणाच्या कामाचा सगळ्यांत गाजलेला मजकूर कुठला म्हणाल तर हा पाच शब्दांचा: कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी, नसबंदी, श्रमदान. आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या राळेगणसिद्धीतून तो गाजला, हिवरे बाजारनं तो पुढं नेला, १९९२ च्या आदर्श गाव योजनेनं तो राज्यभर केला. या गावांत विहिरींना पाणी आलं, टँकर गेले, ते खरं आहे. ते नाकारून समीक्षा होत नाही. पण मजकूर म्हणून हे पाच शब्द भूमिहीन बाईच्या जागेवर उभं राहून वाचा.

कुऱ्हाडबंदी. सरपण कोण आणतं? ती. गॅसची टाकी परवडते त्या घरात हा शब्द कुणाला टोचत नाही. चराईबंदी. ज्याला बांध आहे तो बांधावरचा चारा कापून गोठ्यात टाकतो. जिला बांध नाही तिची शेळी गायरानावर जगते, आणि ती शेळी म्हणजे तिची बँक आहे, आजारपणाची आणि पोराच्या फीची. नसबंदी. शब्दाला लिंग नाही, पण टेबलावर झोपते ती बाई. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत बायकांची नसबंदी ३७.९ टक्के आणि पुरुषांची ०.३ टक्के. नशाबंदी हा एकच शब्द असा की तो बायांनी स्वतः मागितलेला आहे, त्यासाठी त्यांनी दुकानं फोडलीत, मार खाल्लाय. आणि श्रमदान. ज्याच्याकडं जमीन आहे तो श्रम दान करतो तेव्हा त्याच्या विहिरीला पाणी वाढतं, म्हणजे ते दान नसून गुंतवणूक आहे. जिच्याकडं विकायला श्रमाशिवाय काही नाही तिला तेच फुकट द्या म्हणायचं, आणि वर 'गावाच्या एकीचं दर्शन' म्हणायचं. गावाची एकी हा शब्द ऐकला की आपले कान उभे राहिले पाहिजेत. ४ नोव्हेंबर १९४८ ला घटना समितीत बाबासाहेबांनी खेड्याच्या गुणगानाबद्दल काय बजावलं होतं ते आपल्याला माहीत आहे.

पाच शब्द. चार बंद्या आणि एक दान. त्यात हक्क हा शब्द नाही. पुढं हिवरे बाजारनं लोटाबंदी आणि बोअरवेलबंदी वाढवली. बोअरवेलबंदी हा मला या सगळ्या यादीतला सगळ्यांत प्रामाणिक शब्द वाटतो, कारण तो पहिल्यांदा ज्याच्याकडं आहे त्याला बंदी घालतो. आमच्या वस्तीच्या भिंतीवर तो कुणी लिहीत नाही, कारण आमच्यात बोअर नाही. पण ज्याच्या बंगल्यात आहे त्याच्याही भिंतीवर कुणी लिहीत नाही.

तिसरी गोष्ट, कर्ता खाणारी वाक्यं. 'पाणी अडवा, पाणी जिरवा.' कुणी अडवायचं? १९७२ च्या दुष्काळात सुकडी खाऊन खडी फोडली आणि पाझर तलावाची माती वाहिली त्यात बाया ढिगानं होत्या. रोजगार हमीच्या कामावर पाटी डोक्यावर बाईच्याच असायची. जिरलेलं पाणी मात्र ज्याची विहीर खाली आहे आणि मोटार आहे त्याच्या शेतात निघतं. वाक्य आज्ञार्थी ठेवलं की हा हिशोब मांडावा लागत नाही. तसंच 'मागेल त्याला शेततळे', २०१६ ची योजना. व्याकरण बघा, 'त्याला'. आणि मागायला किमान ०.६० हेक्टर जमीन पाहिजे ही अट. म्हणजे 'जमीन असलेल्या त्याला'. आपल्या भागात प्लास्टिक अंथरलेली शेततळी पावसानं कमी आणि विहिरी-बोअरच्या उपशानं जास्त भरतात, हे शेंबडं पोरगंही सांगेल. उन्हाळ्यात उघड्या तळ्यातून पाण्याची वाफ होते, आणि थेंब थेंब वाचवायचं भाषण आत्याला ऐकावं लागतं. माझ्या भिंतीचा खरा गुन्हा हा आहे. मी सगळ्यांत कमी पाणी वापरणाऱ्या बाईला पाणी वाचवायला सांगितलं.

कुणी म्हणेल, संस्थांनी आता सुधारणा केली आहे, जगभर 'जेंडर'ची चर्चा आहे. आहे ना. संयुक्त राष्ट्रांच्या हवामान परिषदेत २०१४ ला लिमामध्ये स्त्री-पुरुष समानतेचा कार्यक्रम ठरला, २०१७ ला बॉनमध्ये त्याचा कृती आराखडा झाला. कागद तयार आहेत. पण या कागदांतून गावापर्यंत येताना बाईच्या दोनच मूर्ती शिल्लक राहतात. सीमा अरोरा-जॉन्सन यांनी २०११ च्या एका लेखात हे उलगडून दाखवलं आहे. हवामान बदलाच्या चर्चेत गरीब देशातली बाई येते ती बिचारी म्हणून, सगळ्यांत आधी मरणारी म्हणून, आणि श्रीमंत देशातली बाई येते ती पुण्यवान म्हणून, पर्यावरण जपणारी म्हणून. बाया पुरुषांपेक्षा इतक्या पट जास्त मरतात असे आकडे पोस्टरवर फिरतात, त्यांना आधार शोधायला गेलं तर हाती फारसं लागत नाही, हेही त्यांनी दाखवलं. बिचारी आणि पुण्यवान. आपल्या भाषेत अबला आणि सती. दोन्हींत एक गोष्ट समान, की तिला कुणी विचारत नाही, आणि सत्तेचा प्रश्न निघत नाही.

मी यात आपल्याकडची एक भर घालतो. आपल्याकडं ही दोन्ही कामं एकाच बाईवर येतात. दुष्काळाची बळीही तीच आणि दुष्काळ निवारणाची जबाबदारीही तिचीच. आणि तिची जात पुसली की दोन्ही सोपं होतं. 'बायांना पाण्यासाठी मैलभर चालावं लागतं' हे वाक्य खरं आहे, पण अर्धं आहे. कुठल्या बायांना? टँकर गावविहिरीत ओतला की पहिला दोर कुणाचा पडतो? आपली बाई कुठं उभी असते? भांडण झालं की कुठली शिवी निघते? ज्या पोरांनी आमची जात विचारली नाही ती मनानं चांगलीच होती. पण जात न विचारल्यानं विहिरीवरची जात जात नाही, ती फक्त त्यांच्या अहवालातून जाते.

जी गोष्ट चित्रात बसत नाही ती कशी गळते त्याची दोन उदाहरणं देतो.

एक, ऊस. पाऊस गेला की कोयता उचलतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. बाई आजारी पडली तर खाडा, खाड्याचा दंड. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायांच्या गर्भपिशव्या काढल्याचं प्रकरण विधिमंडळात गाजलं, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली. ८२ हजारांवर बायांच्या पाहणीत १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली. दुष्काळ, स्थलांतर, उचल, खाडा, पिशवी, अशी ही साखळी आहे. बाईच्या अंगात दुष्काळ कुठपर्यंत घुसतो याचा याहून मोठा पुरावा कुठला? पण हवामान बदलाच्या पोस्टरवर गर्भपिशवी येत नाही. हंडा येतो. हंडा सोज्वळ आहे, भिंतीवर शोभतो.

दोन, कांदा. आपल्या घरातलंच. २०२३ च्या नोव्हेंबरात अवकाळी पाऊस आणि गारा पडल्या, नाशिक जिल्ह्यात कांदा-द्राक्षं झोपली. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला, डोक्याला हात लावून बसलेला शेतकरी. त्याचं दुःख खोटं नाही, मला त्याची चेष्टा करायची नाही. पंचनामा झाला तो सातबाऱ्यावर. पण त्याच रानात कांदे लावायला आणि काढायला जाणाऱ्या ज्या बायांचा रोज बुडाला त्यांचा पंचनामा कुठल्या रकान्यात? वाकून वाकून कंबर गेलेली बाई 'शेतकरी' या शब्दात नाही, 'नुकसानग्रस्त' या शब्दात नाही. पर्यावरणवाल्यांच्या पुस्तिकेत 'शेतकरी बांधवांनो' असा मायना असतो. बांधव! लावणी बहिणींनी करायची आणि पत्र बांधवांना.

मग दुसऱ्या तऱ्हेनं बोलता येतच नाही का? येतं, आणि ते आपल्या शेजारीच झालेलं आहे.

पुरंदर तालुक्यात नायगावला विलासराव साळुंखे यांनी १९७४ च्या सुमारास पाणी पंचायत उभी केली. नियम असा की पाणी जमिनीच्या मापानं नाही, घरातल्या माणशी मिळेल, माणशी अर्धा एकर आणि कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर भिजेल इतकं. भूमिहीनालाही पाण्यात वाटा. ऊस नाही. या वाक्यात काय आहे बघा. 'माणशी' म्हटलं की बाई मोजली गेली, पोर मोजलं गेलं. माय म्हटलेलं नाही, पूजा केलेली नाही, नुसतं मोजलंय. समानतेची सुरुवात मला तरी इथून दिसते. ती चळवळ सगळीकडं टिकली नाही, पण तिचं वाक्य अजून कुणाला खोडता आलेलं नाही.

दुसरं उदाहरण तेलंगणातल्या झहीराबादचं, बिदरच्या पलीकडं. डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटी ही तिथली संस्था. गावोगावी दलित बायांचे संघम. ज्वारी-बाजरी, कडधान्यं, घरचं बियाणं हे त्यांचं काम. पण मला सांगायचंय ते कॅमेऱ्याचं. तिथल्या शेतमजूर दलित बाया व्हिडिओ कॅमेरा चालवायला शिकल्या आणि स्वतः फिल्म काढायला लागल्या. वरंगळच्या शेतकऱ्यांचं बीटी कापसानं काय झालं ते २००३ मध्ये त्यांनी पडद्यावर आणलं. १५ ऑक्टोबर २००८ ला माचनूर गावात त्यांचा संघम रेडिओ सुरू झाला, तोही दलित बायांनी चालवलेला. आता इथं चित्रात बाई आहे का हा प्रश्नच फिरतो. इथं बाई कॅमेऱ्याच्या मागं आहे. बियाण्याबद्दल, पावसाबद्दल, पिकाबद्दल काय सांगायचं ते ती ठरवते. तिनं काढलेल्या फिल्ममध्ये हंडे घेऊन हसणारी बाई कशी येईल? ते वजन तिच्या डोक्यानं उचललेलं आहे.

आता तुमच्याकडं वळतो, म्हणजे आपल्याकडं.

आपल्यातली पुष्कळ पोरं म्हणतात, पर्यावरण हे सवर्णांचं फॅड आहे. झाडं, पक्षी, वाघ. आपल्याला आरक्षण, अत्याचार, शिष्यवृत्ती एवढं पुरे. तुमच्या रागाचं कारण मला कळतं. आपल्या तालुक्यात ममदापूर-राजापूरकडं काळविटांसाठी राखीव संवर्धन क्षेत्र आहे, हरणांसाठी पाणवठे होतात, त्यांचे फोटो छापून येतात, आणि त्याच पट्ट्यात माणसं टँकरची वाट बघतात. पण हरणाला पाणी मिळतं याचा राग करून आपली बाई काही भिजत नाही. आणि पाणी हा आपला विषय नाही असं आंबेडकरवाद्यानं म्हणावं? २० मार्च १९२७ ला बाबासाहेब चवदार तळ्यावर गेले ते कशासाठी? पाण्यावर कुणाचा हक्क, हा प्रश्न आपल्या चळवळीची पहिली ओळ आहे. पाऊस बिघडला, भूजल खाली गेलं, तर तोच प्रश्न दुप्पट होऊन परत येणार आहे. तेव्हा त्याच्यावर बोलायला दुसऱ्यांची भाषा उसनी आणायची का?

आणि दुसऱ्यांना बाईचा कर्ता विचारताना आपल्या कार्यक्रमपत्रिका जरा बाहेर काढा. अध्यक्ष, उद्घाटक, प्रमुख वक्ते, विशेष उपस्थिती, सगळे 'आयुष्मान'. तळाला 'बुद्धवंदना व स्वागतगीत: महिला मंडळ'. ही पत्रिका आणि ती भिंत यांत फरक काय? तिथं हंडा, इथं हार. काळाराम सत्याग्रहात १९३० ला बाया होत्या. २० जुलै १९४२ ला नागपूरला बायांची स्वतंत्र परिषद भरली. दादासाहेब गायकवाडांच्या भूमिहीनांच्या सत्याग्रहात बाया कडेवर पोरं घेऊन तुरुंगात गेल्या. आपल्या नाशिकच्या शांताबाई दाणी होत्या. तरी उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी गावोगाव हिंडून १९८९ मध्ये 'आम्हीही इतिहास घडवला' काढेपर्यंत आपल्या इतिहासात या बाया 'आणि महिलाही मोठ्या संख्येने' एवढ्याच होत्या. १३ ऑक्टोबर १९३५ ला याच येवल्यात बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली. ते ऐकायला आलेल्या हजारोंत बाया कोण होत्या, हे येवल्यात राहून मला सांगता येत नाही. आत्याच्या आजेसासूला विचारायला पाहिजे होतं. आता ती नाही.

मग करायचं काय? जाहीरनामा लिहीत नाही. एवढंच म्हणतो, की पुढं कुठलीही संस्था भिंत रंगवायला आली, मग ती सरकारची असो, पुण्या-मुंबईची असो की आपलीच असो, तर तिला चार प्रश्न विचारा. हे वाक्य कुणाला उद्देशून आहे? त्यात काम कुणाला सांगितलंय आणि पाणी कुणाला मिळणार आहे? चित्रातली बाई या वस्तीतली आहे का? आणि वाक्य रचायला बाया बसल्या होत्या का, की ऐकायला? मजुरीच्या वेळेत बैठक ठेवून 'महिलांचा प्रतिसाद कमी' असं लिहिणाऱ्याला त्याच बैठकीत अडवा. पाणी समितीत निम्म्या बाया पाहिजेत असा जलजीवन मिशनचा नियम आहे. आपल्या गावची समिती कागदावर कोण आहे ते बघा, आणि त्यातली बाई तोंडानं बोलते की नुसत्या सहीनं, तेही बघा.

शेवटी त्या भिंतीचं सांगतो. मी ती पुसायला निघालो होतो. चुना घेऊन आलो. आत्या आणि आणखी पाचसहा जणी ओट्यावर होत्या. मी म्हणालो, आता तुम्ही सांगा, मी लिहितो. मला वाटलं काहीतरी जळजळीत येईल, मी ते कवितेत घेईन. आत्या म्हणाली,

"आमचं लिव्हायचं तर असं लिव्ह. टँकर कोनत्या वारी येतो, किती खेपा मंजूर हायेत, किती आल्या. आन् नाही आला तर फोन कुनाला करायचा त्याचा नंबर. खाली जागा ठेव, आमी रोज आकडा टाकू."

"आन् हितं नको," दुसरी म्हणाली. "हितं आमाला सगळं ठावंय. चावडीपुढं लिव्ह. त्यान्ला वाचू दे."

मी कवी, मला ते वाक्यच वाटेना. नंतर कळलं, हेच वाक्य आहे. यात कर्ता आहे, कर्म आहे, आकडा आहे आणि पत्ता आहे. यात माय नाही, पान्हा नाही, बिचारी नाही. चावडीपुढच्या भिंतीसाठी बायांनी ग्रामपंचायतीकडं अर्ज दिला. अक्षर वस्तीतल्या बारावीच्या पोरीचं, माझं नाही. उत्तर आलेलं नाही. तोवर वस्तीतल्या मागच्या भिंतीवर त्या पोरी खडूनं आकडे टाकतात, मंजूर इतक्या, आल्या इतक्या. शेजारी ती नथवाली अजून हंडे घेऊन हसतेय. तिला पुसायचं की ठेवायचं ते बाया ठरवतील.

अर्जाचं उत्तर आलं की या पानांवर कळवीन. जय भीम.